प्राणी हसतात का, आणि आपण कशाला हसतो?



रविवारच्या बालवर्गात एका मुलाने विचारलं, "काकू, कुत्र्याला जोक कळतो का?" वर्गात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सगळ्या जीवांत एकच चैतन्य आहे असं आपण रोज म्हणतो. मग ते चैतन्य जनावरात येताना भूक, भीती, माया घेऊन येतं आणि हसू तेवढं माणसासाठी राखून ठेवतं, असं कसं होईल? आणि प्राण्यांनाही गंमत कळत असेल, तर त्यांचे जे व्हिडिओ पाहून आपण दिवसभर हसतो, त्यात ते आपल्याबरोबर हसत असतात का? हा दुसरा प्रश्न मला पहिल्याहून मोठा वाटतो. म्हणून या अंकात दोन्ही घेतले आहेत. लेख जरा लांब आहे. दुपारी निवांत वाचा आणि घरातल्या मुलांनाही वाचून दाखवा.

*जुनं मत काय होतं*

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून गेला की सगळ्या प्राण्यांत फक्त माणूसच हसतो आणि गुदगुल्याही फक्त माणसालाच होतात. आपल्याकडचं जुनं वचन सांगतं की खाणं, झोपणं, भिणं आणि संसार करणं या चार गोष्टी माणसात आणि पशूत सारख्याच, वेगळा आहे तो धर्म. या यादीत हसण्याचं नाव कुठेच नाही, ना सारख्या गोष्टींत ना वेगळ्या. ती रिकामी जागा मनात ठेवा, शेवटी लागणार आहे.

ॲरिस्टॉटलच्या मताला ठळक धक्का दिला तो चार्ल्स डार्विन यांनी. १८७१ साली आलेल्या 'द डिसेंट ऑफ मॅन' या पुस्तकात त्यांनी कुत्र्याची एक सवय नोंदवली आहे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना ती लगेच ओळखू येईल. काठी फेकली की कुत्रा ती उचलतो, थोडी दूर नेतो आणि समोर ठेवून बसून राहतो. मालक हळूहळू जवळ येतो, हात पुढे करतो. अगदी हात लागणार तेवढ्यात हा काठी तोंडात धरून पळतो! थोड्या अंतरावर पुन्हा ठेवतो, पुन्हा वाट बघतो. डार्विन यांचं म्हणणं असं की याला नुसता खेळ म्हणून भागत नाही, ही चक्क गंमत आहे. कारण मालक आता काय करणार हे कुत्र्याने ओळखलेलं असतं आणि नेमकी तीच अपेक्षा तो मोडतो.

आपले विनोद तरी दुसरं काय करतात? ऐकणाऱ्याला एका दिशेला न्यायचं आणि ऐन वेळी वळण घ्यायचं.

*पहिली पायरी: गुदगुल्या आणि खेळ*

विषय नीट समजावा म्हणून मी त्याच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. पहिली पायरी म्हणजे खेळताना आनंद होणं आणि तो आवाजात उमटणं.

इथे आपल्या गणपतीबाप्पाचं वाहन मदतीला येतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत याक पांक्सेप नावाच्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेतल्या उंदरांना चक्क गुदगुल्या केल्या. माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हे उंदीर ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवत होते, म्हणजे आपल्या कानाच्या पार पलीकडे. वटवाघळांचे आवाज टिपायचं यंत्र लावलं तेव्हा ते ऐकू आलं. आपापसात खेळताना उंदीर जो आवाज काढतात, तोच हा. गुदगुल्या थांबल्या की उंदीर त्या हातामागे धावायचे, पुन्हा कर म्हणून. आपण मात्र इतकी वर्षं समजत होतो की उंदीर गप्प आहेत.

पुढे २०१६ मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्याच उंदरांना प्रखर उजेडात, उंच फळीवर ठेवून गुदगुल्या केल्या, तर चिवचिव खूप कमी होते. हात तोच, गुदगुल्या त्याच, पण मनात भीती शिरली की हसू आटतं. हे आपल्याला वेगळं सांगायला नको. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी कोणी काखेत बोट घातलं तर मुलगा हसत नाही, चिडतो.

तिथल्याच शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये उंदरांना माणसाबरोबर लपाछपी खेळायला शिकवलं. बक्षीस म्हणून खाऊ ठेवला नव्हता. बक्षीस काय, तर सापडल्यावर थोडं खेळणं आणि गुदगुल्या. उंदीर तो खेळ शिकले. लपताना ते आवाज न करता बसायचे, पारदर्शक खोक्यापेक्षा न दिसणारं खोकं निवडायचे, आणि सापडल्यावर पुष्कळदा पळून जाऊन पुन्हा लपायचे, म्हणजे डाव लांबवायचे. "एकदाच, आई, फक्त एकदाच" म्हणत आपली मुलं हेच करतात ना?

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोघा अभ्यासकांनी तोवरच्या सगळ्या नोंदी चाळल्या, तेव्हा खेळताना खास आवाज काढणाऱ्या ६५ जाती सापडल्या. त्यात माकडं आहेत, कुत्रे-कोल्हे आहेत, गाय आहे, मुंगूस आहे, थोडे पक्षीसुद्धा आहेत. न्यूझीलंडमध्ये 'किआ' नावाचा पोपट आहे. त्याची खेळाची साद नुसती ध्वनिमुद्रित करून ऐकवली, तरी रानातले किआ खेळायला लागले. कोणी खेळायला बोलावलं म्हणून नव्हे, तर आवाजानेच त्यांची लहर बदलली. सत्संगात एकजण खुदकन हसला की पूर्ण ओळ हसते, तसंच.

तेव्हा पहिल्या पायरीवर शंका उरलेली नाही. हसण्याचं मूळ माणसाच्या आधीचं आहे. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि माणूस या पाचही जातींच्या पिल्लांचं गुदगुल्यांचं हसणं २००९ मध्ये शेजारी शेजारी ठेवून तपासलं गेलं. त्यावरून हे हसू निदान १ कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या सामाईक पूर्वजापासून आलं असावं, असा निष्कर्ष निघाला. हसू हा आपल्या घरचा फार जुना वारसा आहे आणि त्यात वाटेकरी पुष्कळ आहेत.

*दुसरी पायरी: खोडी*

पण खेळणं वेगळं आणि खोडी काढणं वेगळं. खोडी काढायची तर समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज लागतो.

वासुदेवी रेड्डी या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ. तान्ह्या बाळांच्या खोड्या हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. बाळ पहिलं वाक्य बोलायच्या कितीतरी आधी, साधारण आठ-नऊ महिन्यांचं असतानाच, आजोबांपुढे बिस्कीट धरतं आणि आजोबांनी हात पुढे केला की मागे घेतं! आणि मग काय करतं? आजोबांच्या तोंडाकडे बघतं. प्रत्येक आजीला हे पाठ आहे, फक्त त्याचा शास्त्रात समावेश होईल असं तिला वाटलं नव्हतं.

२०२४ मध्ये जर्मनीतलं लाइपझिग आणि अमेरिकेतलं सॅन डिएगो इथल्या प्राणिसंग्रहालयांतल्या वानरांचं ७५ तासांचं चित्रण बारकाईने पाहिलं गेलं. चारही जातींच्या वानरांत खोडीचे १८ प्रकार दिसले. वस्तू पुढे करून मागे घेणं, झोपलेल्याला टोचून पळणं, केस ओढणं, डोळ्यांसमोर दोरी हलवत राहणं, उगाच वाटेत आडवं येणं. खोडी काढणारा बहुतेक वेळा छोटा आणि ज्याची काढली तो मोठा. आणि खोडी काढून झाली की पिल्लू समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, आठ महिन्यांच्या बाळासारखंच. प्रतिसाद नाही आला तर पुन्हा, थोडी वाढवून.

आता इथे थोडं सावध राहायला हवं. प्राण्याने फसवलं म्हणजे गंमत केली असं नव्हे. आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटात आपल्या कोतवाल पक्ष्याचा एक भाऊबंद आहे. तो इतर प्राण्यांच्या धोक्याच्या हाकांची नक्कल करतो, ते घाबरून पळतात आणि त्यांच्या तोंडचा किडा हा उचलतो. युक्ती मोठी हुशारीची, पण ती पोटासाठी आहे. कावळा जेवणाऱ्या कुत्र्याची शेपटी ओढतो तेव्हाही त्याची नजर बहुधा तुकड्यावर असते. याला धूर्तपणा म्हणा, विनोद म्हणू नका.

आणि खोडी म्हणजे नेहमी निर्मळ गंमतच असते असंही नाही. ओटो आडांग या डच अभ्यासकाने १९८४ मध्ये चिंपांझींच्या पिल्लांबद्दल लिहिलं आहे. ती मोठ्यांच्या अंगावर माती टाकतात, काठ्या फेकतात. त्याच्या मते त्यातून ती हा मोठा कुठपर्यंत सहन करतो ते पाहत असतात, म्हणजे मर्यादा कुठे आहे हे शिकत असतात. आपल्या घरातला दोन वर्षांचा गोविंदा टेबलाच्या कडेला पेला सरकवत आईकडे बघतो, तेव्हा तोही हेच करत असतो.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की गंमत असो की परीक्षा, खोडी काढणारा *चेहऱ्याकडे बघतो*. समोरचा आहे, त्याला मन आहे, आणि त्याच्या मनात काय उमटलं हे मला कळायला हवं, एवढं त्या मुक्या पिल्लालाही ठाऊक असतं.

कुत्र्यांच्या खेळात हे आणखी स्पष्ट दिसतं. पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून कुत्रा जे वाकतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याचा अर्थ, चल खेळू. मार्क बेकॉफ या अमेरिकन अभ्यासकाने कुत्रे, लांडगे आणि त्यांचे भाईबंद यांच्या खेळाचं बारीक निरीक्षण केलं. त्यांना दिसलं की जोरात चावून डोकं हलवण्यासारखी दांडगाई, जिचा सहज गैरसमज होईल, तिच्या अगदी आधी किंवा लगेच नंतर ही वाकण्याची खूण जास्त येते. जणू सांगायचं असतं, अरे हे खेळातलंच बरं का. दांडगा कुत्रा छोट्याशी खेळताना आपण होऊन उताणा पडतो, म्हणजे छोट्यालाही वर चढायची पाळी मिळते. आणि कंटाळा आला की दोघांपैकी कोणीही उठून जाऊ शकतो. दुसरा त्याला डांबून ठेवत नाही.

आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी हे नाटक फुकट बघायला मिळतं. तुमच्याही मिळत असेल.

*तिसरी पायरी: इथे माणूस एकटा आहे*

तिसरी पायरी शब्दांची. विसंगती ओळखून ती शब्दांत मांडणं, स्वतःच्या फजितीवर हसणं, जे समोर नाही त्याची कल्पना करून हसणं. इथवर कुठलं जनावर आल्याचं अजून दिसलेलं नाही. त्या मुलाला उत्तर द्यायचं तर असं, बाळा, कुत्र्याला जोक कळत नाही, पण त्याला तुझी खोडी काढता येते आणि तू काढलेली कळते.

या तिसऱ्या पायरीचा आपल्याला अभिमान वाटतो. पण तिथेच आणखी एक गोष्ट माणसाला साधली आहे, जी जनावराला साधलेली नाही. समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता हसणं. आपली मराठी भाषा इथे फार प्रामाणिक आहे. हसणं वेगळं आणि हसं करणं वेगळं. खोडी, गंमत, थट्टा, मस्करी, चेष्टा, टवाळी, कुचेष्टा अशी उतरंडच आपल्याकडे आहे. थट्टेची मस्करी कधी झाली, हे ज्याची झाली त्याला बरोबर कळतं, करणाऱ्याला कळतंच असं नाही. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे ती जुनी म्हण, मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव.

*तीन फॉरवर्ड*

आता आपल्या ग्रुपवर फिरणारे प्राण्यांचे मजेदार व्हिडिओ घेऊ. सगळे वाईट नसतात. पण तीन प्रकार नेहमी येतात, त्यांच्याबद्दल माहिती असलेली बरी.

पहिला, कपडे घातलेला, दात विचकून 'हसणारा' चिंपांझी. शुभेच्छापत्रांवर आणि जाहिरातींत हा पुष्कळ वर्षं आहे. चिंपांझी खेळात खुशीत असतो तेव्हा तोंड सैलसर उघडं असतं आणि वरचे दात ओठाखाली झाकलेले असतात. वरचे-खालचे सगळे दात दाखवून तोंड ताणलं जातं ते बहुधा भीतीने, शरण जाताना. म्हणजे ज्याला आपण हसू समजून 'शुभ सकाळ' म्हणतो, ते त्याचं घाबरणं असतं.

दुसरा, मोठ्या डोळ्यांचा छोटा 'स्लो लोरिस'. हा आग्नेय आशियात आणि आपल्या ईशान्य भारतात राहतो. २००९ पासून एक व्हिडिओ जगभर फिरला. त्याला कोणीतरी गुदगुल्या करतंय आणि तो दोन्ही हात वर करून जणू म्हणतोय, अजून कर. किती गोड! प्रत्यक्षात लोरिसच्या दंडाच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. तिचा स्राव लाळेत मिसळला की विष तयार होतं, आणि हात वर करणं ही ते विष तोंडात घ्यायची, म्हणजे स्वतःला वाचवायची तयारी असते. हा रात्रीचा प्राणी, त्याला दिवसाच्या उजेडात धरून ठेवलेलं असतं. विक्रीसाठी पकडलेल्या लोरिसचे दात पुष्कळदा कापून टाकतात, म्हणजे त्याने चावू नये. २००७ पासूनच त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, तरी हे व्हिडिओ पाहून त्याला पाळायची हौस वाढली.

तिसरा, 'अपराधी' कुत्रा. सोफा फाडलाय, मालक विचारतोय "कोणी केलं हे?" आणि कुत्रा मान खाली घालून, डोळे चुकवून बसलाय. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याची परीक्षा घेतली. कुत्र्याने चूक केली होती की नव्हती, याचा त्या चेहऱ्याशी संबंध निघाला नाही. मालक रागावला की तो चेहरा येतो. निर्दोष असून ओरडा बसला तरी येतोच. म्हणजे ती ओशाळलेली गंमत नसते, मालकाच्या आवाजाची धास्ती असते.

तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. प्राणी घाबरलेला आहे आणि आपण हसतोय. बर्लिनच्या त्या उंचावर ठेवलेल्या उंदराला हे कळलं होतं की भीती आणि हसू एका अंगात राहत नाहीत. आपल्याला ते पडद्यावर दिसत नाही, कारण आपण चेहरा बघतो पण वाचत नाही.

*दार कोणाला होतं?*

कोणी म्हणेल, हे सगळं मोबाइलमुळे झालं. तसं नाही. आमच्या बडोद्यात धान्याच्या बाजाराला अजून हाथीखाना म्हणतात. गायकवाडांच्या काळी इथे साठमारी व्हायची. १८६० च्या दशकात, खंडेराव महाराजांच्या वेळी, लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बडोद्याला राहून गेला आणि त्याने तिचं वर्णन लिहून ठेवलं. उंच भिंतींच्या आखाड्यात, ज्याला अग्गड म्हणत, मस्तीवर आलेला हत्ती सोडायचा. साठमार त्याला डिवचायचे, चिडवायचे, तो अंगावर धावला की पळायचे. भोवती हजारो लोकांचा जल्लोष. भिंतीत जागोजागी लहान दारं ठेवलेली असत. माणूस त्यातून निसटायचा, हत्ती मावायचा नाही.

साठमाराच्या धाडसाला कमी लेखायचं नाही, चुकला की त्याचाही जीव जायचा. पण ती दारं मनातून जात नाहीत. आखाडा बांधणाऱ्याने निसटायची सोय एकाच पक्षासाठी ठेवली होती. गल्लीतल्या दोन कुत्र्यांच्या खेळात दोघांनाही दार असतं. इथे ते फक्त एकाला होतं, आणि हसणारे तर भिंतीवर सुरक्षित बसले होते.

दरवेशी अस्वल घेऊन यायचा आणि माकडवाल्याचं माकड नटूनथटून सासरी जायचं, ते आपल्या पिढीने लहानपणी पाहिलं आहे. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करण्यावर बंदी घातली. त्या दरवेशांच्या पोटाचा प्रश्न खरा होता आणि तो आपण विसरू नये. पण गळ्यातली दोरी ओढली की नाचणाऱ्या माकडाला 'ते बघ कसं ठुमकतंय' म्हणताना, त्याला दार कुठे आहे, हे आपल्याला कोणी विचारलं नव्हतं.

*हसण्याचा धर्म*

आता पुन्हा त्या जुन्या वचनाकडे येऊ. पशू आणि माणूस यांत फरक फक्त धर्माचा, असं ते सांगतं. हसू दोघांकडे आहे हे आता कळलं. मग माणसाकडे जास्तीचं काय हवं? हसण्याचा धर्म हवा. आणि गंमत बघा, तो धर्म शिकायला आपल्याला त्या पशूंकडेच जावं लागतं!

यात नवल काही नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, तेच नाथमहाराजांनी एकनाथी भागवतात आपल्या भाषेत आणलं. त्या चोवीसांत जवळजवळ निम्मे पशू, पक्षी, कीटक आहेत. कबुतर, अजगर, भुंगा, हत्ती, हरीण, मासा, कोळी. शिवाय एक लहान मूल आहे, ज्याला मान नाही, अपमान नाही, घरादाराची चिंता नाही, आपल्याच आनंदात खेळणारं. अवधूताने हत्तीला कोणता ग्रंथ वाचता येतो हे विचारलं नाही. त्याच्याकडून काय घेता येईल एवढंच पाहिलं. आपणही कुत्र्याला जोक कळतो का हे विचारून झाल्यावर, त्याच्या खेळातून काय घेता येईल ते पाहावं.

मला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, थट्टा केली की समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. दोन, त्याला निघून जायला दार आहे का हे बघायचं. दोन्ही असेल तर ती गंमत, मग कितीही दंगा होऊ दे. कृष्णाच्या खोड्यांची गाऱ्हाणी घेऊन गवळणी यशोदेकडे यायच्या, पण त्याला पाहिलं की त्यांचंच हसू फुटायचं. ज्याची खोडी काढली तोही हसला, तर खोडी गोड झाली.

आणि हे प्राण्यांपुरतं राहत नाही, हेच मला खरं सांगायचं आहे.

आपण सगळे महाराष्ट्राबाहेरचे मराठी. पुण्या-मुंबईच्या लग्नात गेल्यावर आपल्या बोलण्यात एखादा गुजराती शब्द आला, इंदूरकरांचं हिंदी वळण आलं, बेळगावकरांचा कानडी हेल किंवा हैदराबादकरांची दख्खनी लकब आली, की कोणीतरी नक्कल करतं आणि पंगत हसते. आपणही हसतो, कारण पंगतीतून उठता येत नाही. ते हसू कसं असतं हे आपल्याला पक्कं माहीत आहे. त्यात सगळे दात दिसतात.

आणि तेच आपण घरी करतो. बडोद्याच्या एका मराठी घरात गुजराती सून आली. हौसेने मराठी बोलायला लागली. गुजरातीत चहा स्त्रीलिंगी, म्हणून ती म्हणाली, "आई, चहा झाली." घर हसलं, तीही हसली. मग पाहुणे आले की "अगं, चहा झाली का?" हे ठरूनच गेलं. दीर म्हणायचा, नणंद म्हणायची, ग्रुपवर तसं लिहून हसरे चेहरे टाकायचे. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं, प्रेमच होतं. सहा महिन्यांनी ती फक्त हिंदीत बोलायला लागली, आणि सगळ्यांना प्रश्न पडला की हिला मराठीची आवड का उरली नाही. पहिल्या दिवशी ती खरंच हसली होती. विसाव्या दिवशी ती कशी हसत होती, हे कोणी पाहिलं नव्हतं. आणि नव्या सुनेला घरात दार कुठलं?

जाड्या पुतण्या, बोलताना अडखळणारा भाचा, ऐकू कमी येणारे आजोबा, कामाला येणाऱ्या ताईंचं इंग्रजी. प्रत्येक घरात कोणीतरी हक्काचं असतं, ज्याच्यावर हसलं की सगळं घर एक होतं. थट्टा नकोच असं मी म्हणत नाही. ज्या घरात थट्टा नाही ते घर कोरडं, आणि मोठी माणसं थट्टेत सामील होतात तेव्हा मुलं त्यांच्या जवळ येतात. फक्त दांडगा कुत्रा जसा मधूनमधून उताणा पडतो, तसं मोठ्याने आपल्यावरही हसू द्यावं. सासूबाईंनी आपल्या गुजरातीची फजिती आधी सांगावी, मग सुनेची चहा गोड लागेल.

*या आठवड्यात*

मुलांनी गल्लीतल्या कुत्र्यांचा किंवा मांजरीच्या पिल्लांचा खेळ दहा मिनिटं लांबून बघावा. कोण वाकलं, कोण उताणं पडलं, कोण उठून गेलं, ते चार ओळींत लिहून बालवर्गात आणावं. खाऊ दाखवून हात मागे घ्यायचा नाही. भुकेल्याशी केली तर ती खोडी नसते.

मोठ्यांनी प्राण्याचा मजेदार व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी एकदा आवाज बंद करून बघावा. मागचं संगीत आणि हसण्याचा आवाज गेला की प्राण्याचा चेहरा दिसतो. मग वाटलं तर पाठवावा.

आणि रात्री सगळे जेवायला बसले की आपल्या घरात कोणाचं हसं जास्त होतं, ते मनात मोजावं. बोलून दाखवायची गरज नाही. उद्या त्याच्याकडे बघून हसताना, जरा थांबून बघितलं तरी पुरे.

जय गुरुदेव. 🙏